वार तपासायला दिली होती: सांगलीतल्या लॅबचा माझा अनुभव

दुसऱ्या बाळंतपणात मी माझी वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी आणि बाळामागून बाहेर पडणारी प्लॅसेंटा, सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासायला दिली. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब गल्लोगल्ली आहेत, ही तशी नाही. इथे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी येतात, गर्भपिशव्या येतात, आणि कुणी पाठवली तर वारही घेतात. पण पाठवायला सांगणारं कुणी सहसा भेटत नाही. मला भेटलं, म्हणून सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढंच वाचा: पाचपैकी चार तारे. वजन जास्त आहे आणि आधीच्या खेपेला बाळ लहान राहिलं, पोटातच गेलं किंवा बीपी वाढलं, अशा प्रत्येकीने या तपासणीबद्दल आपल्या डॉक्टरांना सातव्या महिन्यातच विचारून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

मी तासगावजवळच्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वय ३४, उंची १५७ सेंटीमीटर. धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हा वजन ८४ किलो होतं, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४. थोरल्याच्या वेळी ७१ किलो होतं, बीएमआय २९च्या आसपास. जगाच्या हिशेबात लठ्ठपणा ३०पासून धरतात, पण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती रेघ २५वर आणली. त्या रेघेप्रमाणे मी पहिल्या खेपेलाही लठ्ठच होते. तेव्हा मात्र मला कुणी तसं सांगितलं नाही. 'अंग भरलंय' एवढंच म्हणायचे सगळे.

थोरला छत्तिसाव्या आठवड्यात झाला, १ किलो ९०० ग्रॅमचा. सोनोग्राफीत वाढ थांबलेली दिसली म्हणून डॉक्टरांनी मला लवकर मोकळं केलं. चौदा दिवस तो काचेच्या पेटीत होता. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलायची, कुणी तोंडावर, कुणी बाहेर पॅसेजमध्ये: "आई एवढी धडधाकट आणि पोर काडीसारखं?" मी मनात धरून बसले की सगळं मीच खाल्लं, त्याच्यापर्यंत काही पोचूच दिलं नाही. डॉक्टरांना कारण विचारलं तर 'वार कमी पडली' एवढं उत्तर मिळालं. ती का कमी पडली, हे विचारायचं सुचेपर्यंत वार पिवळ्या पिशवीतून केव्हाच गेली होती. नियमच आहे तसा, शरीराचे भाग पिवळ्या पिशवीतच जातात. पण पिशवीत जाण्याआधी तिच्याकडे कुणी तरी नीट बघायला हवं होतं. पुढची पाच वर्षं मी स्वतःला दोष देत काढली. तो जेवताना ताट बाजूला सारायचा तेव्हाही माझ्या पोटात तेच यायचं.

दुसऱ्या वेळी मिरजेच्या डॉक्टरांकडे नाव घातलं. त्यांनी पहिल्याच भेटीत थोरल्याची फाइल मागितली. तेराव्या आठवड्यापासून रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात ती तपासणी केली. माझी १३२ आली, १४०च्या आत. नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलोच वजन वाढू द्यायचं, असं ठरलं. माझं आठ वाढलं. आणि तिसाव्या आठवड्याला त्या म्हणाल्या, "बाई, या वेळी वार फेकायची नाही. आपण ती तपासायला पाठवू." लॅबचं नाव त्यांनीच सांगितलं.

आधी सोयीचं सांगते. सातव्या महिन्यात मिस्टर जाऊन झाकणाचा पांढरा डबा आणि फॉर्म घेऊन आले. फॉर्म दोन पानांचा आहे आणि मला तो फार आवडला. आईची उंची, दिवस जायच्या आधीचं वजन, साखर, बीपी, आधीची बाळंतपणं, त्यातलं प्रत्येक बाळ किती वजनाचं, ताप आला होता का, सगळं विचारलंय. ज्यांना खरंच काही शोधायचंय तीच माणसं एवढं विचारतात. वार शक्यतो ताजी हवी, फ्रीजमध्ये ठेवलेली, फ्रीजरमध्ये अजिबात नाही; बर्फ झाला की पेशी फुटतात आणि मग काचपट्टीवर काहीच धड दिसत नाही. फ्रीजची सोय नसेल तर फॉर्मालिनमध्ये, म्हणजे कुजू न देणाऱ्या औषधी पाण्यात ठेवायची.

घरात एक अडचण होती. माझ्या सासूबाई आटपाडीकडच्या. त्यांच्या गावात वार मडक्यात घालून, हळद-कुंकू वाहून परसात खोल पुरतात, कुत्र्या-मांजराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. दवाखान्यातल्या बाळंतपणात ते होत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण वार गाडीवरून सांगलीला न्यायची, तिचे तुकडे करायचे, हे त्यांना सोसवेना. मी म्हटलं, "आई, थोरल्याच्या वेळी काय झालं असेल ते यातून कळेल कदाचित." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दे मग. पण नीट हाताळा म्हणावं. नऊ महिने तिनंच पोसलंय लेकराला." मी हे शब्द लॅबच्या टेक्निशियन दादांना फोनवर तसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "आजींना सांगा, आधी धुतो, वजन करतो, फोटो काढतो, मगच चाकू लावतो." चार ताऱ्यांमधला एक अख्खा तारा या उत्तराचा.

धाकटी अडतिसाव्या आठवड्यात, शनिवारी रात्री झाली. २ किलो ९५० ग्रॅम. रडली तेव्हा मीही रडले.

रिपोर्ट यायला एकोणीस दिवस लागले. दहा सांगितले होते. उशीर का होतोय हे लॅबने आपणहून कळवलं नाही. आम्ही तीनदा फोन केला तेव्हा समजलं की काचपट्टीवर पेशी ओळखायचे जादा दोन रंग लावावे लागताहेत आणि त्याचे पैसे वेगळे आहेत. मूळ तपासणीचे २,८०० रुपये झाले, जादा रंगांचे प्रत्येकी १,६००. पैशांबद्दल माझी तक्रार नाही, ते काम लागणारच होतं. पण घरी ओली बाळंतीण आहे, तिला एक फोन करून सांगायला हवं होतं.

याहून मोठी तक्रार पुढे आहे. रिपोर्टची पीडीएफ रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आली. वर शब्द नाही, खाली शब्द नाही. मी धाकटीला पाजत होते, एका हाताने उघडली. 'क्रॉनिक व्हिलायटिस, लो ग्रेड'. विज्ञानाची शिक्षिका असून मला त्यातला फक्त 'क्रॉनिक' कळला, आणि आपल्याकडे क्रॉनिक म्हटलं की जन्माचं दुखणं. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. तिचा श्वास मोजत बसले. एक तारा मी इथे कापलाय आणि तो परत देणार नाही. असा रिपोर्ट पाठवताना खाली मराठीत दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? 'बाळाला आत्ता धोका नाही, सोमवारी येऊन भेटा', एवढ्यानेही माझी ती रात्र वाचली असती.

सोमवारी मी गेले. लॅब पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद. टाके असलेल्या बाईला तो जड जातो, सोबत कुणी तरी न्याच. पण वर पोचल्यावर जे मिळालं त्यासाठी मी आणखी दोन जिने चढले असते. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर साठीच्या घरातल्या आहेत. मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला दोघांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपच्या समोरच्या बाजूला बसवलं आणि पाऊण तास एकेक काचपट्टी दाखवली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

आधी त्यांनी वारेचे फोटो दाखवले. मी माझी वार तेव्हा पहिल्यांदा पाहिली. गोल, भाकरीपेक्षा थोडी मोठी, आईच्या बाजूने लालभडक आणि खाचा पडलेली, बाळाच्या बाजूने निळसर चकचकीत, मधून निघालेली नाळ. भरल्या महिन्यांची वार साधारण अर्धा किलो भरते. माझी नाळ आणि बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचे पडदे कापल्यावर ६१० ग्रॅम भरली, त्या आठवड्याच्या मानाने जास्त. मला वाटलं जास्त म्हणजे चांगलं. डॉक्टर म्हणाल्या, तसं नाही. वजनदार आयांची वार पुष्कळदा अशी जड असते, आणि बाळाच्या मानाने वार मोठी असणं म्हणजे तेवढ्याच कामाला तिला जास्त पसारा मांडावा लागलाय.

तुकडे कसे घेतात तेही सांगितलं. २०१४ साली ॲमस्टरडॅममध्ये निरनिराळ्या देशांतल्या वार-तज्ज्ञांनी एकत्र बसून एक पद्धत ठरवली, ती २०१६ मध्ये छापून आली. मेणात बसवलेले किमान चार ठोकळे घ्यायचे: एका ठोकळ्यात पडद्याची सुरळी आणि नाळेचे काप, तीन ठोकळ्यांत वारेच्या पूर्ण जाडीचे तुकडे. माझे सहा घेतले होते. त्यांचे मेणातले काप कागदापेक्षा कितीतरी पातळ, काही मायक्रॉनचे.

मग डोळा लावला. गुलाबी शेतात निळे ठिपके. आमच्याकडे जुन्या विहिरींच्या कडेला पिंपळ असतो, त्याची मुळं विहिरीच्या पाण्यात सुटलेली असतात, तसं ते आहे. फांदीला फांदी फुटत गेलेली मुळं बाळाची, त्यांच्या आत बाळाचं रक्त. आणि विहिरीतलं पाणी म्हणजे आईचं रक्त. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, मुळाच्या सालीतून देवाणघेवाण होते. या फांद्यांना व्हिलाय म्हणतात, आणि भरल्या महिन्यांच्या वारेत त्यांचा पृष्ठभाग सगळा पसरला तर दहा-बारा चौरस मीटर भरतो, म्हणजे एका खोलीएवढा. हे मी शाळेत आतड्याच्या बाबतीत दरवर्षी शिकवते. माझ्याच पोटात आणखी एक असं झाड होतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"आता हे बघा," म्हणून त्यांनी तपकिरी रंगाची पट्टी लावली. सीडी ६८ नावाच्या रंगाने मुख्यतः भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, तपकिरी होतात. फांद्यांच्या आत, सालीच्या खाली, तपकिरी ठिपकेच ठिपके. या बाळाच्या स्वतःच्या पेशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉफबाउर नावाच्या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना हॉफबाउर पेशी म्हणतात. प्रत्येक वारेत त्या असतातच. कचरा उचलतात, फांद्या वाढायला मदत करतात, जंतूंवर नजर ठेवतात. त्या मुळात आहेत याचीच मला गंमत वाटली. जन्माला न आलेल्या जिवाचे आपले राखणदार, आईच्या अंगात उभे.

लठ्ठपणाचा संबंध इथे येतो, आणि तो मी थोडा सावकाश सांगते, कारण मला कळायला वेळ लागला. चरबी म्हणजे नुसता साठा, असं मी समजत होते. २००३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की लठ्ठ माणसांच्या आणि उंदरांच्या चरबीत मॅक्रोफेज मोठ्या संख्येने येऊन बसतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. ताप येत नाही, कुठे लाल होत नाही, दुखत नाही. मंद आच जशी रात्रभर राखेखाली राहते, तसा हा दाह अंगात राहतो. गरोदरपणात तो वारेच्या दारापर्यंत येतो. २००८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संशोधकांनी लठ्ठ आणि सडपातळ आयांच्या वारा शेजारी शेजारी ठेवून मोजल्या तेव्हा लठ्ठ आयांच्या वारेत मॅक्रोफेज दुपटी-तिपटीने जास्त सापडले, आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी दाहाची रसायनं बनवायचे पेशींतले संदेशही. डॉक्टरांनी लगेच हेही सांगितलं की पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतकी वाढ दिसली नाही. कुणी कुठला तुकडा घेतला, कुठला रंग लावला, आईला मधुमेह होता का, यावर आकडा बदलतो. त्यांनी मला सोपं करून गोष्ट सांगितली नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं.

माझ्या रिपोर्टमधलं व्हिलायटिस, म्हणजे या फांद्यांचा दाह, हे आणखी वेगळं प्रकरण. त्यांनी दुसरी पट्टी लावली, त्यात सीडी ३चा रंग, तो टी पेशींना, म्हणजे परक्यावर चालून जाणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना लागतो. एका जागी पाच-सहा फांद्यांचा झुबका तपकिरी झालेला, बाकी सगळं स्वच्छ. "या टी पेशी बहुतेक तुमच्या आहेत," त्या म्हणाल्या. "फांदी बाळाची, आणि आत शिरलेल्या पेशी आईच्या." मी विचारलं, कुणाच्या हे कळतं कसं? हा प्रश्न त्यांना आवडला. १९९३ मध्ये हे शोधताना मुलगा झालेल्या आयांच्या वारा घेतल्या होत्या: बाळाच्या पेशीत वाय गुणसूत्र असणार, मग ज्या पेशीत ते नाही ती आईची. दहावीच्या पोरांना गुणसूत्रं शिकवताना मी आता हेच उदाहरण देते.

जंतुसंसर्गाने असं होऊ शकतं, म्हणून त्यांनी आधी त्याच्या खुणा शोधल्या. नव्हत्या. जंतू नसताना आईच्या टी पेशी बाळाच्या फांद्यांत शिरतात, अंगात बसवलेलं परकं मूत्रपिंड शरीर नाकारतं त्याच्यासारखं काहीसं. भरल्या महिन्यांच्या शंभर वारांपैकी पाच ते पंधरांत हे थोडंफार सापडतं, आणि लठ्ठ आयांत त्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. एका झुबक्यात दहापेक्षा कमी फांद्या असतील तर लो ग्रेड. माझं ते. याच आजाराचा मोठा प्रकार असेल तर बाळाची वाढ खुंटते, आणि पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा येऊ शकतो.

तेव्हा मी थोरल्याबद्दल विचारलं. त्याच्या वेळीही हेच असेल का? त्यांनी डोळा मायक्रोस्कोपवरून काढला. म्हणाल्या, "असू शकतं. नसूही शकतं. ती वार माझ्याकडे नाही, बाई. जी बघितली नाही तिच्याबद्दल मी सही करणार नाही." मला वाईट वाटलं आणि त्यांच्याबद्दलचा आदर वाढला, दोन्ही एकाच वेळी. पण पुढे त्या जे बोलल्या ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. वजनदार आईचं बाळ नेहमी मोठंच असतं असं नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भपिशवीच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या साधारण ७० टक्के एनके, म्हणजे 'नॅचरल किलर' नावाच्या असतात. नाव मारेकऱ्याचं असलं तरी तिथे त्यांचं काम वेगळं: आईच्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करायची. ठिबकच्या नळीचा पाट करायचा, असं मी मनात भाषांतर केलं. द्राक्षबागेवाल्यांच्या घरात हे लगेच समजतं. लठ्ठपणात या पेशींचं वागणं बदलतं असं कॅनडातल्या संशोधकांना दिसलंय. पाट नीट रुंद झाला नाही तर आईच्या घरी कितीही धान्य असो, बाळाच्या शेताला पाणी कमीच. "तुम्ही सगळं खाऊन टाकलं, हे डोक्यातून काढा," त्या म्हणाल्या. "पोटातल्या बाळाला ताटातून वाढत नाहीत."

पाच वर्षं ज्याची वाट बघत होते ते वाक्य मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, फॉर्मालिनच्या वासात ऐकायला मिळालं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं कामही त्यांनी सांगितलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, आपली बाळं हाडा-मांसाने बारीक, पण चरबी त्या मानाने राखलेली. काडीसारखं दिसणारं पोर आतून काडी असेलच असं नाही. म्हणून थोरल्याला 'खा, अजून खा' करून फुगवायचं मी थांबवलंय. तो आता पाच वर्षांचा आहे, दिवसभर सायकल चालवतो, आणि शाळेच्या तपासणीत त्याचं वजन-उंची ठीक आली.

एक गोष्ट ऐकून मला भीती वाटली, तीही लिहिते. बाळाच्या मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्यांचं आणि सुरुवातीच्या हॉफबाउर पेशींचं मूळ एकच, गर्भाला अगदी सुरुवातीला असणारी पीतक पिशवी. बोस्टनमध्ये एका गटाने लठ्ठ उंदरिणींच्या पिलांत पाहिलं की वारेतल्या या पेशी चिथावलेल्या असतील तर मेंदूतल्याही तशाच वागतात. मी लगेच धाकटीकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, हे उंदरांतलं आहे, आणि ते करण्यामागचा हेतू असा की बाळाच्या मेंदूला हात न लावता, फेकून द्यायच्या वारेतून काही समजतं का ते बघायचं. तुमच्या मुलीसाठी यातून आज कुठलाही निकाल निघत नाही.

औषध विचारलं. हा दाह शांत करायची गोळी नाही. मधुमेह नसलेल्या लठ्ठ गरोदर बायकांना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देऊन बाळाच्या वजनात फरक पडतो का, हे ब्रिटनमध्ये पाहिलं होतं. निकाल २०१५ मध्ये आला, फरक पडला नाही. जे करायचं ते दिवस जायच्या आधी: वजन थोडं उतरवणं, चालणं, साखर आणि बीपी ताब्यात ठेवणं. दिवस राहिल्यावर उपास-तापास करून वजन उतरवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या फाइलला लावला. तिसरं बाळ आम्हाला नको आहे, पण कुणाला हवं असेल तर हा कागद पहिल्याच भेटीत दाखवायचा. सोनोग्राफी किती वेळा करायची, लक्ष कशावर ठेवायचं हे त्यावरून ठरतं.

सासूबाईंना मी मोबाइलवर वारेचा फोटो दाखवला. उरलेली वार परत मिळत नाही, फॉर्मालिनमधली तर नाहीच, हे आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचा हिरमोड झाला नाही. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. धाकटीच्या नाळेचा वाळलेला तुकडा आठव्या दिवशी गळून पडला होता, तो त्यांनी स्वतः फडक्यात बांधून डाळिंबाच्या बुडाशी पुरला.

लॅबला माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या मी त्यांच्या वहीतही लिहून आले. रिपोर्टच्या शेवटी मराठीत चार ओळी. जादा रंग लावायच्या आधी एक फोन. आणि जिना चढू न शकणाऱ्या बाईसाठी खाली एक खुर्ची आणि डॉक्टरांशी फोनवर बोलायची सोय. तुकड्यांचे मेणाचे ठोकळे ते जपून ठेवतात, पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे झाले तर अर्ज करून मागता येतात, हे चांगलं आहे. पावती मात्र सांभाळा, तिच्यावरचा नंबर लागतो.

रविवारी लॅब बंद असते, डबा न्यायलाही कुणी येत नाही. आमचा डबा शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत दवाखान्याच्या फ्रीजमध्ये राहिला आणि काही बिघडलं नाही. पण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, बर्फाच्या कप्प्यात नाही, हे ड्यूटीवरच्या सिस्टरना आधीच सांगून ठेवा. डब्यावर स्वतःचं पूर्ण नाव घरूनच लिहून न्या. कळा सुरू झाल्यावर यातलं काही लक्षात राहत नाही.